बैलाचा खूर आणि सावरीचा पाय

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा समुद्राकाठचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाटावर यायचं. असाच एक मिठाचा तांडा होता आणि त्याचा एक नायक होता.

नायक मोठा करारी. वाटेत पोरांनी कुरकुर केलेली त्याला मुळीच खपत नसे. कुणी तहान लागली म्हटलं, पाय दुखतो म्हटलं, की त्या पोराने सगळ्या तांड्याच्या मागे, बैलांच्या धुळीत चालायचं, अशी तिथली रीत. नायकाची लेक सावरी एकदाच तशी मागे चालली. त्यानंतर तिने कधी तक्रारीचा शब्द तोंडातून काढला नाही. माझी लेक दगडाची आहे, असं नायक चारचौघांत मिशीला पीळ देत सांगे.

एकदा घाट चढताना ही दगडाची लेक कोसळली. अंग तापलेलं, पाय घोट्यापर्यंत सुजलेला. आत काटा मोडला होता, पण सूज एवढी की नेमका कुठे ते दिसेना. तांड्यातली जाणती म्हातारी म्हणाली, काटा आज निघाला नाही तर पाय गेलाच समजा. नायकाच्या तोंडचं पाणी पळालं. तो पाय दाबून दाबून विचारू लागला. सावरी दर वेळी तेच सांगे, "काही नाही, बा. मी चालते."

तेवढ्यात त्याचा तांबडा बैल जवळ आला आणि त्याने पुढचा खूर उचलून धरला. प्रत्येक मुक्कामाला नायक त्याचे खूर बघायचा, पाठ थोपटायचा, म्हणून त्याला ती सवय. नायकाने खुरात रुतलेला खडा काढला आणि त्याचे हात तिथेच थांबले. मुका बैल दुखणं दाखवतो आणि बोलती लेक लपवते. बैलाला आपण त्यासाठी कधी धुळीत धाडलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो सावरीपाशी मांडी घालून बसला. वहाण काढून आपली भेगाळलेली टाच त्याने तिच्यापुढे ठेवली.

"चढ लागला की माझी टाच ठणकते गं. मीही कुणाला बोललो नाही. आता तुला मागं कुणी धाडणार नाही. मी इथंच बसलोय, तू घाई करू नको."

आणि तो कोमट पाण्याने तिचे पाय धूत राहिला. हळूहळू सावरीचे खांदे सैल पडले आणि डोळे भरून आले.

"बा, अंगठ्याखाली ठसठसतंय. आणि मला खूप तहान लागलीय."

नायकाने आधी पाणी पाजलं, मग अंगठ्याखालचा काटा काढला. पाय वाचला. धुळीत चालवायची रीत त्याच दिवशी मोडली.

पुढे मुक्कामाला बैलांच्या खुरांआधी पोरांची विचारपूस होऊ लागली. तांबडा बैल आपली पाळी मागे पडली म्हणून तोंड फिरवून उभा राही. तांडा आता वाटेत जास्त वेळा थांबे, पण पुन्हा एकही पोर कोसळलं नाही.

तात्पर्य: मुलाच्या मनातली भीती गेली, की त्याला आपल्या अंगाचं म्हणणं ऐकू येतं आणि ते सांगताही येतं.