हिंगाची डबी आणि चावीचा हत्ती

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. एका आईने हिंगाच्या रिकाम्या डबीत चार वाटाणे टाकले, वरून जुन्या साडीची पिशवी घट्ट शिवली आणि रांगणाऱ्या रेणूला खुळखुळा करून दिला. रेणू डबीला आपटायची, चावायची, तिच्या मागे घरभर फिरायची.

पण पाहुणे आले की आई डबीला घाईघाईने पलंगाखाली सरकवायची आणि शोकेसमधला चावीचा हत्ती टेबलावर मांडायची. रेणूने हात पुढे केला की म्हणायची, "नको गं, मोडेल तो."

एकदा पाहुणे गेल्यावर डबीचा राग अनावर झाला. पलंगाखालूनच ती कडाडली, "दिवसभर पोरीला रमवायचं मी, आणि मिरवायचं तू. माझी लाज वाटते या लोकांना. तू काय केलंस रे तिच्यासाठी आजवर?"

हत्ती तिच्याहून जास्त चिडून म्हणाला, "करायला मिळालं तर करीन ना. माझी चावी अजून एकदाही फिरलेली नाही. तुझ्या पिशवीला पोरीच्या लाळेचा वास येतो. माझ्या अंगावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा कुणी काढलेला नाही."