मुका रहाट

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण तीत चूक मोठ्यांची आहे.

समुद्रकाठच्या एका राज्यात एक गाव होते. गाव खाडीच्या आत आणि खाडीचे तोंड अरुंद. दोन्ही अंगांना काळे खडक. गलबत वाऱ्यावर तोंडापर्यंत येई, पण आत शिरताना शिडाचा भरवसा नसे. मग दोघे खलाशी होडीतून दोर पुढे नेत, आतल्या दगडी खांबाला बांधत, आणि गलबतावरच्या रहाटाला तो दोर गुंडाळत गुंडाळत बाकीचे खलाशी गलबत घरी ओढून आणत.

हा रहाट म्हणजे एक जाड आडवा ओंडका. त्याला दांडे, ते धरून माणसे तो फिरवीत. एका टोकाला लोखंडी दात्यांचे चाक आणि चाकावर टेकलेली लोखंडी खिट्टी. ओंडका पुढे फिरला की खिट्टी एकेका दात्यावरून खाली पडे. टक, टक, टक. तो मागे फिरू लागला की तीच खिट्टी दात्यात अडके आणि त्याला जागच्या जागी रोखी. लाटेने गलबत कितीही मागे खेचले तरी दोर सुटत नसे. दांडा सोडून माणसाने घाम पुसला तरी चाले.

गलबत चालवणारा तांडेल हिराजी. रहाट त्याच्या बापाने केलेला. चाक आणि खिट्टी खारे पाणी लागू नये म्हणून एका लाकडी पेटीत बंद होती, आणि पेटीची पाचर बापाने स्वतःच्या हाताने ठोकली होती. बाप कसबी होता, पण बोलणारा नव्हता. मरताना त्याने एवढेच सांगितले की रहाट सुका ठेवू नको.

हिराजीने तो शब्द पाळला. दर वर्षी समुद्राला नारळ वाहण्याच्या दिवशी तो पेटीच्या वरच्या भोकातून चरबी आणि मुशी माशाचे तेल ओती. ओघळ बाहेर येईपर्यंत ओती. वर शेंदूर लावी, फुले वाही. त्या दिवशी घरून उकळत्या पाण्याचा तांब्याचा हंडाही गलबतावर जाई. बापाच्या वेळेपासून तो जात आला होता. बाप पूजेआधी एकटाच गलबतावर जाई आणि कोणाला जवळ येऊ देत नसे. त्यामुळे हंडा कशाला, हे हिराजीला कळले नाही, आणि त्याने कधी विचारले नाही. पाणी कोमट होईतो तो थांबे, त्याने पाय धुई आणि मग पूजेला बसे.

बापाच्या काळी रहाटाची टकटक खाडीभर ऐकू येई. ती ऐकली की गावातल्या बायका चुलीवर भाताचे आधण ठेवीत. भात शिजेतो माणसे घरी पोचत. कोणाला हाक मारावी लागत नसे.

मग तो आवाज हळूहळू बारीक झाला. एका वर्षी पार थांबला.

खलाशांना ते आवडले. हिराजीचा धाकटा भाऊ पोशा मोठा थट्टेखोर. तो म्हणे की रहाट आता शहाणा झाला, म्हातारपणी माणूसही कमी बोलतो. सगळे हसत. हिराजी हसत नसे.

कारण त्याने आणखी काही पाहिले होते. पूर्वी दोन माणसे रहाट फिरवीत आणि वर गप्पाही मारीत. आता चार लागत, आणि चौघांचेही दात आवळलेले. दांडा सोडून घाम पुसणारा कोणी उरला नव्हता. खलाशी म्हणत, आपलीच वये झाली. हिराजी मान हलवी. मनात मात्र त्याला ते पटत नसे.

त्याला वाटे, बापाचे लोखंड झिजले. दाते बोथट झाले. हे खरे निघाले तर काय करायचे? पाचर काढली आणि आत नुसता गंज दिसला, तर उद्या गावात म्हणतील की बापाचे काम मुलाच्या हयातीतही टिकले नाही. आणि उघडलेली पेटी पुन्हा नीट बसलीच नाही तर?

म्हणून तो पेटी सोडून बाकी सगळे तपासू लागला. दोर नवा घेतला. गाठी मारल्या आणि त्यांवर पुन्हा गाठी मारल्या. शिडाची शिवण बोटाने चाचपली. खडकाजवळ आले की त्याचे हात सुकाणूवर आणि डोळे रहाटावर असत. फार भीती वाटली की तो भोकातून आणखी थोडी चरबी ओती. तेवढ्यापुरते त्याला बरे वाटे. मग दुसऱ्या दिवशी भीती पुन्हा तिथेच.

त्याची बायको येसू. एकदा तिने पान वाढले ते नुसत्या भाकरीचे. भात नव्हता. हिराजीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुमचं गलबत हल्ली चोरासारखं येतं. भात टाकू तरी कधी?"

"डोळे आहेत ना? बघत जा."

"डोळे चुलीवर ठेवू की खाडीवर? पूर्वी कान पुरत होते." मग जरा थांबून ती म्हणाली, "मामंजींचा रहाट एकदा उघडून बघा."

हिराजीचा घास हातात राहिला. "बापाचं काम उघडून बघायचं म्हणजे बापाला खोटं पाडायचं."

येसूही तशी हट्टी होती. एकदा सांगून झाले की पुन्हा सांगत नसे.

मोसम संपत आला होता. एके दिवशी दुपारी गलबत परतत असताना पश्चिमेकडे आभाळ काळे झाले. वारा फिरला. खाडीच्या तोंडाशी लाटा खडकावर चढून पांढऱ्या होऊन खाली येत होत्या. हिराजीच्या मनात आले, आज बाहेरच नांगर टाकावा. पण वारा वाढतच होता आणि बाहेर राहणे याहून वाईट. होडी दोर घेऊन गेली, खांबाला बांधून परतली. चौघे दांड्यांना लागले. त्यांत पोशा होता.

गलबत तोंडात शिरले. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला खडक. हिराजी मनात म्हणत होता, अजून थोडे, अजून थोडे.

तेवढ्यात मोठी लाट खडकावर आदळून परतली आणि तिने गलबत मागे ओढले. दोर ताणला. रहाट थांबायला हवा होता. तो थांबला नाही. तो उलटा फिरला.

दांडे हातांतून निसटले. तिघे बाजूला फेकले गेले. दोर सरसर सुटू लागला आणि गलबताची मागची बाजू खडकाकडे निघाली. हिराजीने सुकाणू दाबून धरले, पण ओढलेल्या गलबताला सुकाणू काय करणार?

पोशाने निखळून पडलेला एक दांडा उचलला आणि फिरत्या रहाटात खुपसला. रहाट थडकून थांबला. पोशाचा उजवा हात मनगटाच्या वर, दांडा आणि ओंडका यांच्यामध्ये होता. त्याने तो काढून घेतला नाही. काढला असता तर दांडाही सुटला असता. तिघे उठून धावले, त्यांनी दोर गलबतावरच्या खुंटाला आवळला, आणि मगच पोशाने हात सोडवू दिला.

गलबत वाचले. ते आत आले तेव्हा किनाऱ्यावर कोणी नव्हते. कोणाला काही ऐकूच आले नव्हते. पोशाला उचलून हिराजीच हाका मारीत वर गेला.

वैदूने हात बांधला. तो म्हणाला की हात राहील, पण मूठ वळणार नाही.

दुसऱ्या दिवशी हिराजी हातोडा घेऊन एकटाच गलबतावर गेला. रहाट फोडायचा आणि नवा करायचा, असे ठरवून गेला. त्याने पाचर उडवली, पेटीचे झाकण काढले आणि पाहत राहिला.

आत गंज नव्हता. आत काहीच दिसत नव्हते. चरबी दगडासारखी थिजली होती. खाली काळी, मधे तपकिरी, वर पिवळी. वर्षावर वर्ष बसले होते. त्यात खिट्टी गाडली गेली होती, चाकापासून बोटभर वर, जणू कोणी हात धरून ठेवलेला. सुरीने खरवडले तर सुरी घसरे.

त्याने गलबताच्या काठावरून येसूला हाक मारली आणि उकळते पाणी आण म्हणून सांगितले.

येसू पाणी घेऊन आली. तोच तांब्याचा हंडा. त्याने वाफाळते पाणी पेटीत ओतले. चरबी सुटली, तवंग धरून खाली वाहू लागली. थोड्या वेळाने खिट्टी आपोआप हलली आणि दात्यावर पडली.

टक.

कितीतरी वर्षांनी तो आवाज झाला होता. हिराजीने चाकावरून बोट फिरवले. एकही दाता झिजलेला नव्हता. धारेने बोटाला ओरखडा उठला.

त्याने हंड्याकडे पाहिले. येसूही हंड्याकडेच पाहत होती.

ती सावकाश म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, पाणी उकळतं असतानाच पोचलं पाहिजे. गार झालं तर मामंजी चिडायचे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि मला वाटलं, पायच तर धुवायचे आहेत."

बाप एकटाच गलबतावर जाऊन काय करी, ते हिराजीला आता कळले.

घरी येऊन त्याने पोशाला सगळे सांगितले. काही लपवले नाही. पोशा आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहत ऐकत होता.

"म्हणजे रहाट म्हातारा झाला नव्हता, दादा," तो म्हणाला. "आपणच त्याचं तोंड दाबून धरलं होतं."

ती थट्टा होती. पण हसले कोणी नाही.

पुढल्या वर्षी नारळाच्या दिवशी हंडा गलबतावर गेला आणि सगळ्या गावादेखत पेटी उघडली गेली. जुनी चरबी उकळत्या पाण्याने धुऊन काढली. खिट्टीला तेलाचे बोट लावले, बोटच, ओघळ नव्हे. हिराजीने पोरासोरांनाही जवळ बोलावून दाखवले. बापासारखे एकट्याने केले नाही. मग पोशाने डाव्या हाताने दांडा ओढला. सगळे कान देऊन उभे होते. टक, टक, टक, असे ऐकल्यावर पोशाने मान हलवली, आणि तेव्हाच नारळ समुद्रात पडला.

काठावर बसलेली येसू उठली आणि आधण ठेवायला घरी गेली.

बोध एवढाच: ज्या गोष्टीची भीती वाटते ती उघडून पाहावी, वरून लेप देत राहिल्याने भीती शमते, दोष शमत नाही.