इस्त्रीवाल्याच्या दारातला खड्डा

“तुमच्या काळात मोजायला फीत नव्हती का हो, काका?”

केतकी बर्वेने हसत विचारलं, पण प्रश्नाला टोक होतं. महापालिकेच्या उद्यान विभागात ती वर्षभरापूर्वी अधिकारी म्हणून आली होती. समोर आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते मल्लप्पा म्हेत्रे, त्याच विभागातून निवृत्त झालेले माळी. गिरणीमागच्या रस्त्यावर त्यांनी लावलेले एकतीस कडुनिंब उभे होते. एक पुढे, एक मागे, एक भलतीकडेच. रांगेच्या नावाने आनंदच.

पण एकतीसच्या एकतीस जगले होते.

“फीत होती की,” मल्लप्पा म्हणाले.

“मग?”

मल्लप्पांनी हसत पुढ्यातला पानाचा डबा उघडला.

केतकीच्या रस्त्यावर झाडं कशी दोरी धरल्यासारखी लागली होती. बरोबर वीस-वीस फुटांवर. त्यातलं एक मात्र तिच्या नाकावर टिच्चून मरत होतं. जवळच्या कोपऱ्यावरचा जुना गुलमोहर वादळात पडला, त्याच्या बदली तिने रांगेत मोजून करंज लावला. तीनदा लावला, तीनदा वाळला. आता सोमवारी त्या खड्ड्यात सिमेंट ओतायचं ठरलं होतं. एकदा सिमेंट पडलं की तिथे पुन्हा झाड नाही. एवढी शिकलेली बाई, पण त्या एका खड्ड्यापायी तिला जेवण गोड लागत नव्हतं.

“माती बदलली. खत घातलं. जाळी बसवली,” ती म्हणाली. “आणखी काय करायचं राहिलं, तेवढं सांगा.”

मल्लप्पांनी कोपऱ्यातली कुदळ खांद्यावर टाकली.

“चला, दावा.”

भर दुपारी दोघं तिथे पोहोचले. खड्डा शिवलिंग परीट या इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या ऐन पायरीसमोर होता. मल्लप्पांनी आत हात घातला. मूठभर राख निघाली. अजून कोमट होती.

केतकीचा चेहरा लाल झाला.

“इस्त्रीतले निखारे ओततो हा. आजच नोटीस काढते.”

मल्लप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते दुकानात गेले, पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले आणि स्टुलावर बसले. शिवलिंगचा हात इस्त्रीवरच थांबला होता.

“ऊन लई येतंय रं तुझ्याकडं,” मल्लप्पा म्हणाले.

“तीनच्या पुढं तर उभं राहवत न्हाई, काका. आधी गुलमोहर हुता त्या कोपऱ्याला. त्याच्या सावलीत वीस वर्सं इस्त्री केली.”

“मग झाड का मारलंस?”

शिवलिंगने इस्त्री बाजूला ठेवली.

“दारातच लावलं वो. गिऱ्हाईक गठुडं घिऊन आत येतंय कुठनं? मॅडम तीन डाव आल्या. फीत धरली, चुना टाकला, गेल्या. एक डावबी इचारलं न्हाई.”

तिन्ही वेळा केतकी याच पायरीवर उभी राहिली होती, फितीचं टोक धरून. दुकानात माणूस आहे हे तिने पाहिलंही होतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

मल्लप्पांनी कुदळ शिवलिंगच्या हातात दिली.

“कुठं पायजे, दाव.”

शिवलिंग बाहेर आला. आधी त्याने मान वर करून सूर्य बघितला, मग आपलं टेबल बघितलं. खड्ड्यापासून तीन-चार पावलं चालून तो कोपऱ्याशी थांबला आणि कुदळीने जमिनीवर एक गोल ओढला.

गोल रांगेच्या बाहेर होता. चांगला हातभर बाहेर.

केतकीने रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली. सगळी झाडं एका रेषेत, आणि हे असं. तिने पर्समधून फीत काढली. हातात धरली... पुन्हा आत ठेवून दिली.

“इथेच खणा,” ती म्हणाली.

मल्लप्पांनी शिवलिंगकडून कुदळ घेतली. सत्तरीचा म्हातारा, पण घाव नेमका पडत होता. करंजाचं नवं रोप आणायला केतकी स्वतः नर्सरीत गेली. परत येते तो खड्डा तयार. शेजारी दोन बादल्या पाणी भरून ठेवलेलं, आणि शिवलिंग जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन उभा, रोप काठीला बांधायला. केतकीने रोप पुढे केलं. त्याने ते लहान लेकरू घ्यावं तसं दोन्ही हातांत घेतलं आणि खड्ड्यात उतरवलं.

मल्लप्पा बाजूला बसून कपाळावरचा घाम पुसत होते. केतकी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली. मघाचं हसू तिच्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं.

“काका, आयुष्यात किती झाडं लावलीत तुम्ही?”

मल्लप्पा कुदळीची माती अंगठ्याने काढत राहिले...

“झाडं? मी खड्डं खणायचो, बाई. झाड ज्याच्या दारातलं त्यानं लावायचं.”