कळकलेले ताक

एकदा एका नगरात धातुविद्येचे एक वृद्ध आचार्य राहत होते. पितळेच्या भांड्यांसाठी त्यांनी स्वस्तात पडणारी नवी कल्हई शोधून काढली. एका व्यापाऱ्याने तिच्या पारखीचा खर्च उचलला आणि नफ्यात आचार्यांचा वाटा ठेवला. पारखीचे काम अच्युत नावाच्या शिष्याकडे आले. याच कामावर त्याला पदवी मिळायची होती, आणि पुढे व्यापाऱ्याच्याच कारखान्यात प्रमुखाची जागा.

अच्युतने मन लावून पारख केली. नव्या भांड्यात भात टिकला, दूध टिकले. ताक मात्र संध्याकाळपर्यंत कळकू लागले, धातू उतरून कडवट लागू लागले. असले ताक पोटात जाणे म्हणजे विषाशी गाठ.

व्यापारी हसून म्हणाला, "अरे, ताकच शिळं असेल. लग्नसराई तोंडावर आलीय. भांडी विकली जाऊ देत, मग सावकाश सांग काय ते. खाल्ल्या मिठाला जाग की जरा."

"शेठजी, मीठ मी खाल्लं," अच्युत हळूच म्हणाला, "पण ताक लोक पिणार."

तो ते भांडे घेऊन आचार्यांकडे गेला. व्यापारीही मागोमाग आला.

"गुरुजी, तुम्ही चव घ्या. तुम्ही म्हणाल ते प्रमाण."

आचार्यांनी भांडे ओठांपर्यंत नेले आणि चव न घेताच खाली ठेवले. "हे घेऊन नदीपलीकडच्या पंडितांकडे जा. निवाडा तेच करतील. तुझी परीक्षाही तेच घेतील."

अच्युतचा चेहरा उतरला. "ते तर तुमच्या नावाने बोटं मोडतात. माझं असं काय चुकलं, की मला त्यांच्या दारात लोटताय?"

"तुझं काही चुकलं नाही, बाळा. या कल्हईत माझा वाटा आहे. हे ताक चांगलं निघावं, असं मला मनापासून वाटतंय. मी खोटं बोलेन याची मला भीती नाही. मला ते खरोखरच चांगलं लागेल, याची आहे. खोटं बोलणाऱ्याला निदान आपलं खोटं ठाऊक असतं. लोभावलेल्या जिभेला तेही कळत नाही. तुझं भवितव्य अशा जिभेवर कसं सोपवू?"

व्यापारी चिडला. "आचार्य, घरची लक्तरं वेशीवर टांगताय. तुमचाही वाटा बुडेल."

"बुडू दे. कल्हई माझी आहे. निवाडा होईपर्यंत एकही भांडं दुकानातून हलणार नाही."

पंडितांनी अच्युतच्या ताकावर विश्वास ठेवला नाही. घरचे ताजे ताक त्यांनी निम्मे त्या भांड्यात ओतले, निम्मे मातीच्या मडक्यात. दिवसभर ते अच्युतला खोदून खोदून प्रश्न विचारत राहिले. संध्याकाळी त्यांनी दोन्ही ताकांची चव घेतली, तोंड वाकडे केले आणि खळखळून चूळ भरली.

"भांड्यातलं कळकलंय. तुझी पारख खरी आहे, आणि परीक्षेतही तू उतरलास." मग थांबून त्यांनी विचारले, "तुझ्या गुरूंना काय वाटलं?"

"त्यांनी चव घेतलीच नाही. म्हणाले, त्यात माझा वाटा आहे."

एरवी हेच पंडित भर सभेत आचार्यांची खिल्ली उडवायचे. पण अच्युत निघाला, तेव्हा त्याला पोचवायला ते स्वतः नावेपर्यंत आले.

"त्यांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले.

ज्या कामात आपला वाटा आहे, त्याचा निवाडा दुसऱ्याकडे सोपवावा. आणि आपल्या वाट्याचे ओझे शिकणाऱ्याच्या डोक्यावर देऊ नये.