हाराखालचा रेडिएटर

गाड्या आपापसांत बोलत त्या काळी एका दवाखान्यात डोंगर चढणारी छोटी उघडी गाडी होती. तिचं इंजिन मागे होतं आणि रेडिएटर पुढे, जाळीआड. खंडेनवमीला जाळीवर झेंडूचा जाडजूड हार चढला. इंजिन फुशारून गेलं.

तेवढ्यात निरोप आला, वरच्या पाड्यावर सोमीचं बाळंतपण अडलंय. नर्स सुलभाताई लगेच निघाल्या.

चढ लागताच रेडिएटर म्हणाला, "दादा, हारामुळे मला वाराच लागत नाही. तुमचं पाणी गार कसं करू?"

"माझा मान बघवत नाही होय रे तुला? नुसता पाणक्या तू!" इंजिन गुरगुरलं.

अर्ध्या चढावर मात्र त्याचा जीव कासावीस झाला. आपण जळालो, तर तिकडे सोमीचं काय? "चुकलो रे भाऊ," म्हणत त्याने घाईघाईने सुलभाताईंसमोरचा, इंजिन तापल्याचा लाल दिवा लावला.

सुलभाताईंनी गाडी थांबवली, हार काढला, जाळीतला चिखल खरवडला. इंजिन निवेपर्यंत दम धरला, मग पुढे निघाल्या.

तासाभराने पाड्यावर बाळ रडलं. सोमीच्या सासूने येऊन गाडीला समोरून हात जोडले.

मागून इंजिन हळूच म्हणालं, "भाऊ, तो नमस्कार तुझा. माझाही त्यातच धर."