तांब्याची तार

"पितळेला चुंबक लावून मी जन्मभर बसलो, तरी ते चिकटेल का, अप्पा?"

हे विचारताना चनवीर उभाच होता. बस म्हटलं तरी बसेना. मठाच्या शाळेत तो चौथीला शिकवायचा, आणि आज काय तो निकाल लावूनच जायचं असं ठरवून आला होता.

सिद्धय्या अप्पा हे मठाचे वडीलधारे. शाळाही त्यांनीच काढलेली. ते परातीत शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, टरफल बाजूला टाकलं.

"नाही चिकटणार," अप्पा म्हणाले.

"मग त्यात चुंबकाचा काही दोष?"

"नाही बाबा. चुंबकाचा कसला दोष?"

"तेच तर म्हणतो मी," चनवीर म्हणाला, आणि मग त्यानं सुगलाचा विषय काढला.

सुगला ही त्याच्या वर्गातली मुलगी. आज सांगितलेलं तिच्या डोक्यात उद्या नसायचं. पण गप्प बसेल तर शपथ. तिच्या एका बाजूला रेवती बसायची, दुसऱ्या बाजूला अंबिका, दोघी वर्गात सगळ्यात हुशार. सर फळ्यावर पुढं गेले की सुगला या दोघींना कोपरानं ढोसणार, म्हणजे काय गं म्हणून विचारणार, आणि त्या बिचाऱ्या पुन्हा पहिल्यापासून सांगत बसणार. एकदा नाही, रोज. चनवीरचं म्हणणं होतं की हिच्यापायी चांगल्या मुलींचं वाटोळं होतंय. हिला दुसरीच्या पोरांत बसवा, म्हणजे वर्ग मोकळा होईल.

बोलणं सोपं होतं. पण सुगलाची आई गंगव्वा सकाळपासून मठाच्या पायरीवर बसून होती. ती विड्या वळणारी बाई. तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं की, पोरीला खालच्या वर्गात घालणार असाल तर मी तिला घरी नेते, माझ्या शेजारी बसून विड्या वळेल. वळायला लागलेली पोर पुन्हा शाळेत आल्याचं त्या गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं.

चनवीरला हे ठाऊक होतं. वाईटही वाटत होतं त्याला, खोटं कशाला सांगा. पण त्यानं मन घट्ट केलं होतं.

अप्पांनी हातातली शेंग परातीत टाकली.

मग त्यांनी विचारलं, आज वर्गात काय शिकवलंस? चुंबक, असं तो म्हणाला. अप्पांनी परात बाजूला सारली, फळी पुढं ओढली आणि म्हणाले, मलाही शिकव, मी पण बसतो तुझ्या चौथीत.

आता चनवीर खुलला. शिकवायचं म्हटलं की त्याचा राग कुठल्या कुठं जायचा. त्यानं पेटी आणली आणि चुंबक, चिकटतं की नाही ते बघायच्या वस्तू, असं सगळं फळीवर मांडलं. हा पट्टी चुंबक, दोन टोकांना याची ताकद जास्त. हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, दोन्ही टोकं एका बाजूला, म्हणून पकड घट्ट. हा वाटोळा, जुन्या स्पीकरमधून काढलेला. आणि ही डबीतली सुई, कशीही फिरवा, उत्तर-दक्षिणच दाखवणार. कपाटाचं दार टक् करून मिटतं ते चुंबकानं, पर्सचं झाकण बसतं तेही त्यानंच. गिरणीत दाणे जिथून पडतात तिथं चुंबक लावतात, ज्वारीत चुकून आलेला खिळा तिथंच अडकतो आणि जातं वाचतं.

अप्पा मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी स्पीकरचा चुंबक पट्टीवर उलटा धरून बघितला, तो दूर ढकलला गेला तसे हसले.

"हे सगळे कायमचे चुंबक," चनवीर म्हणाला. "आता तात्पुरता दाखवतो. हाच खरा बहाद्दर आहे."

त्यानं एक लांब लोखंडी खिळा घेतला. जळालेल्या पंपाच्या मोटारीतून काढलेली तार त्यावर शेजारी शेजारी गुंडाळली, तारेची टोकं खरवडून सेलला जोडली, आणि खिळा टाचण्यांच्या डबीत बुडवून वर काढला. टाचण्यांचा झुपका लटकून आला. शाळेची विजेवरची घंटा अशीच वाजते, त्यानं सांगितलं. भंगाराच्या आवारात क्रेन अख्खी मोटारगाडी उचलते तीही अशीच, आणि वीज बंद केली की खाली सोडते.

"छान शिकवतोस रे," अप्पा म्हणाले. ते मनापासून म्हणाले, आणि चनवीर सुखावला.

अप्पांनी तो खिळा टाचण्यांसकट आपल्या हातात घेतला आणि त्याला एक काम सांगितलं. या पसाऱ्यात जे जे चुंबकाला चिकटत नाही ते सगळं उचलून बाजूला ठेव. नियम तुझाच.

चनवीरला हे पटलंच. तो पट्टी चुंबक घेऊन लागला कामाला. पितळेची घंटा नाही चिकटली, बाजूला. काचेची बांगडी बाजूला. लाकडी पट्टी, खोडरबर, डब्याचं अॅल्युमिनियमचं झाकण, सगळं बाजूला. फळीवर नुसते चुंबक आणि लोखंड उरलं.

"झालं," तो म्हणाला.

"एक राहिलं."

त्यानं फळीवर नजर फिरवली. न चिकटणारं काही नव्हतं. अप्पांनी हातातला खिळा थोडा पुढं केला.

"ही तार कशाची आहे?"

"तांब्याची."

"चिकटते का बघ."

सेलकडं गेलेल्या तारेच्या मोकळ्या भागाला चनवीरनं चुंबक लावला. त्याला उत्तर माहीत होतं, तरी त्यानं लावला. तार चिकटली नाही.

"मग काढ."

"अप्पा, ती काढली तर..."

"काढ."

अप्पांचा आवाज चढला नव्हता. पण मठातले लोक सांगतात की ते असं हळू बोलले की पुढं वाद घालायचा नसतो.

चनवीरनं सेलवरची टोकं सोडवली. टाचण्या खळकन बाजूच्या परातीत पडल्या, शेंगांच्या दाण्यांत. त्याला वाटलं, झालं एवढंच. पण अप्पा खिळा धरून तसेच बसून राहिले, तेव्हा तो तारेचे वेढे उलगडू लागला. गुंडाळताना त्याचे हात भराभर चालले होते. आता चालेनात.

सगळी तार निघाली. उघडा खिळा अप्पांनी त्याच्या हातात दिला.

"आता उचल."

त्यानं खिळा टाचण्यांत फिरवला. एक टाचणी जेमतेम लागली आणि पडली. त्यानं पुन्हा फिरवला. हट्टानं आणखी एकदा फिरवला...

मग तो खाली बसला. सकाळपासून पहिल्यांदा बसला. कान लाल झाले होते त्याचे. आपल्याला लाज वाटते आहे हे त्याला कळत होतं, आणि अप्पांना ती दिसते आहे हेही. अप्पांनी काही दिलासा दिला नाही. ते परातीतून टाचण्या वेचून डबीत टाकत राहिले.

चनवीरनं सुटलेली तार बोटाला गुंडाळली. सुगलाला रोज पहिल्यापासून सांगणाऱ्या रेवती आणि अंबिका त्याच्या डोळ्यांसमोर आल्या.

"अप्पा," शेवटी चनवीर म्हणाला, "गंगव्वा बाहेर बसली आहे. तिला काय सांगू?"

अप्पा उठले. खुंटीवर भिक्षेची झोळी होती. मठातला माणूस घरोघर कोरडा शिधा मागायला निघाला की ती खांद्याला लावतो. चनवीर शिक्षक म्हणून आलेला, तिला त्याचा कधी हातही लागला नव्हता. अप्पांनी ती काढली, झटकली आणि त्याच्या खांद्यावर अडकवली.

"सांगू नकोस," अप्पा म्हणाले. "पोर माग."