पणजोबांची आज्ञा

रणधवल राजाच्या वेशीवर एक जुनी कविता कोरलेली होती. ‘सत्ता कुणाचीच टिकत नाही,’ असा पंडितांनी तिचा अर्थ सांगितला. राजाला तो झोंबला. कविता खरवडून काढायला त्याने पाथरवट बोलावले.

कथेकरीण रेणाबाईंना मात्र खाली शेवाळाआड काय लिहिलंय याचं कुतूहल. त्यांनी पदराने दगड घासला आणि मोठ्याने वाचलं, “‘हा लेख कोणीही, कधीही पुसू नये. आज्ञा, राजा जयधवल.’ महाराज, हे तर तुमचे पणजोबा!”

“त्यांची आज्ञा आता कोण मानतो?” राजा गुरकावला. “पुसा!”

रेणाबाईंनी हात जोडले. “कवितेचा इतका चोख अर्थ पंडितांनाही सांगता आला नव्हता, महाराज!”

राजा आधी लालबुंद झाला, मग खो खो हसला. पाथरवट हात हलवत परत गेले.